मॉर्वेनने जाहीर केलेला हितसंबंध

स्कॉटलंडमधल्या ओबन बंदराच्या धक्क्यावर छत्री उघडणारं माणूस बाहेरगावचं, हे तिथलं शेंबडं पोरही ओळखतं. मॉर्वेनने उघडली. पुढच्याच झोतात छत्री उलटी झाली, हातातून निसटून पाण्यात पडली आणि तरंगत तरंगत एका मासेमारी बोटीला जाऊन लागली.

बोटीवरच्या माणसाने ती काठीने वर काढली, झटकली.

"एडिनबरा का?"

"छत्रीवर लिहिलंय?"

"चेहऱ्यावर. वारा आपलं ऐकेल असं तिथल्याच माणसांना वाटतं."

तो रुअरी. शेवंडं, म्हणजे लॉब्स्टर, पकडायचा; त्याची मावशी ती परदेशी विकायची. मॉर्वेन स्कॉटलंड सरकारच्या व्यापार खात्यात. बेटावर जाणारी तिची बोट वाऱ्यामुळे रद्द झाली, म्हणून दोघांनी चहा घेतला. पुढच्या महिन्यात ओबनला पुन्हा काम निघालं. मग काम नसतानाही निघायला लागलं.

"तुम्ही म्हणे तत्त्वांवर व्यापार करता," तो चिडवायचा. "आम्ही आपले शेवंडांवर."

"माणसं राबवून पगार बुडवणाऱ्याच्या दारात सरकारने आपला माल घेऊन उभं राहायचं?"

"नाही. पण शेवंड विचारत नाही ना, मला कोण खाणार म्हणून."

"म्हणून तर मी विचारते."

"शेवंडाच्या वतीने?"

"हो. त्याला तोंड नाही, मला आहे."

"ते दिसलंच," तो म्हणायचा, आणि नको इतका वेळ बघत राहायचा…

'तुम्ही' कधी गळून पडलं, कळलं नाही. एकदा तिच्या कपाळावरची ओली बट सारायला त्याचा हात वर आला — आणि त्याने टोपी नीट केली. स्वतःची. झालं ते एवढंच.

फेब्रुवारीत खात्याची समिती ओबनला बसली. विक्रीसाठी परदेशी जाताना सरकारने कोणाला बरोबर न्यायचं, हे ठरवायला. मावशीचा अर्ज होता. ज्या बड्या गिऱ्हाइकावर तिची आशा होती, त्याच्याकडे कामगारांना कसं वागवतात यावर वाद होता. दोघं बाजूने, दोघं विरुद्ध, आणि पाचवं मत मॉर्वेनचं. तिने सगळं तपासलं होतं. गिऱ्हाईक सुधारलं होतं. ती 'हो' म्हणणार होती. मतं सारखी पडली तर अर्ज बाद.

आणि भाचा? भाचा काय, चहापुरता ओळखीचा. असं तिने स्वतःला गाडीत चारदा तरी बजावलं होतं.

सभेत आधी एकेकाने सांगायचं, या अर्जांत माझं काही गुंतलंय का. गुंतलेल्याने बाहेर जायचं. हा नियम मॉर्वेननेच भांडून आणलेला. एरवी सगळे चहा ढवळत "नाही" म्हणतात. एकदाच एकाने मेव्हण्याच्या मेंढ्या जाहीर केल्या होत्या, त्यावर आठवडाभर हसले सगळे.

"नाही."

"नाही."

दार उघडलं. दुसऱ्याच कोणाचा तरी कोट, गळ्यात फाशीसारखा टाय — रुअरी.

"मावशी घसरून पडली, पाय मोडला. तिच्याऐवजी मी."

त्याने मॉर्वेनला पाहिलं, आणि डोक्यावर नसलेली टोपी नीट केली.

"मॉर्वेन?" अध्यक्षबाई सेंगा वर न बघताच म्हणाल्या. "काही नाही ना?"

"आहे."

चमचे थांबले. सेंगाबाईंनी चष्मा काढला. "काय, शेअर आहेत?"

"नाही. हे आहेत." तिने हनुवटीने दाखवलं. "माझं यांच्यावर प्रेम आहे. म्हणजे… आत्ताच लक्षात आलं."

कोणाचं तरी बिस्कीट चहात बुडालं, ते काढायचंही त्याला सुचेना. रुअरीने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"यांना माहीत होतं?" सेंगाबाईंनी विचारलं.

"आत्ता कळलं," रुअरीच म्हणाला.

कागद गोळा करून ती बाहेर आली. बाकावर बसली. काय केलं हे आपण… जे त्याला एकट्याला सांगायचं ते चार सरकारी माणसांपुढे सांगितलं, आणि त्याचं काम आपल्याच हाताने बुडवलं.

बऱ्याच वेळाने तो आला. भिंतीला टेकला.

"दोन-दोन. म्हणजे नाही."

"माझं मत 'हो' होतं."

"होतं?" तो मटकन शेजारी बसला. "मावशी आता दुसरा पायही मोडून घेईल."

"रागावलास?"

"थांब जरा. मोठी लाट आली की आधी बोट सरळ आहे का ते बघतो मी." तो जमिनीकडे बघत राहिला. "रागावलोय. थोडा. पण तू तिथे बसून गुपचूप 'हो' म्हणाली असतीस ना, तर पुढे कधीतरी मलाच ते खुपलं असतं."

तिने मांडीवरचे कागद बाजूला ठेवले.

"त्या बाईंनी मलाही विचारलं. म्हणे, एका बाजूचंच आहे की दोन्ही? अर्धी नोंद चालत नाही."

"मग?"

"म्हटलं, ते आधी तिला सांगतो, मग तुम्हाला." त्याचे कान लाल झाले होते. "आत वाट बघतायत चौघं."

"बघू देत," मॉर्वेन म्हणाली, आणि त्याच्या टायची गाठ सोडवायला लागली.