जड फाईल

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, हे आधीच सांगून ठेवते. मी बी.एस्सी. आहे, तेही फिजिक्समध्ये, आणि जळगावात पिंप्राळ्याला आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, उत्तरकार्याची कार्डं. अंगारे-धुपारे माझ्या दुकानात चालत नाहीत.

शहाण्णवच्या उन्हाळ्यात नशिराबादचे लीलाधरभाऊ आले. त्यांची फुलझाडांची नर्सरी. त्यांना कॅलेंडरवर फुलांनी भरलेली लाकडी कुंडी हवी होती.

"अहो भाऊ, मग कुंडी भरा आणि फोटो काढून आणा."

"तसं तर कोणीबी छापतं, ताई. आपल्याला कॉम्प्युटरमध्ये बनवलेली पाहिजे. फुलांचे फोटो मी देतो ना आणून!"

घ्या! कॉम्प्युटरमध्ये काही लाकूड उगवत नाही. ते स्कॅनरच्या काचेवर ठेवावं लागतं. आधी पोळपाट ठेवून पाहिला, तर त्यावर पिठाचेच डाग उमटले. मग माळ्यावरून झोक्याची फळी काढली. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, तोंडावर आली होती, धाकटी बहीण लता दोंडाईच्याहून माहेरी येणार होती, त्यामुळे फळी तशीही उतरवायचीच होती. जुनं सागवान, घरातल्या सगळ्या पोरी बसून बसून गुळगुळीत झालेलं. दर आखाजीला ती अंगणातल्या निंबाला टांगायची, आणि कोणी बसलं की फांदी करकरायची.

स्कॅन झकास आला. फोटोशॉपमध्ये मी त्या लाकडाचे तुकडे कापले, समोरची बाजू लावली, कडेच्या बाजू जरा गडद केल्या, आणि आत खोल अंधार भरला. कुंडी अशी दिसत होती की हात घालावा.

माय चहा घेऊन आली आणि पडद्याकडे बघत राहिली.

"हाई आपला झोकानी फळी शे ना?"

"हो."

"आनि मझार काहीच नही?"

"फुलं नंतर भरणार, माय. भाऊंनी फोटो दिले की."

"झोका रिकामा हालवू नही, व माय."

"झोका कुठेय? कुंडी आहे ती!" मी हसले. माय हसली नाही. तिने पदराने पडदा पुसला, नेमका कुंडीच्या तोंडापाशी, आणि कप तसाच ठेवून गेली.

दुसऱ्या दिवशी लता आली. तिला सातवा महिना होता. आधीची दोन पोटातच गेली होती, म्हणून सगळं घर आता या तिसऱ्याकडे डोळे लावून बसलेलं. अंगाने ती इतकी जड झाली होती की जमिनीवरून उठताना दोन्ही हात टेकायची, आणि खाटेवर बसली की खाट ओरडायची.

"लते, आत एकच आहे ना? की अख्खं वऱ्हाड घेऊन आलीस?" मी चिडवायचे. ती पोट धरून हसायची.

त्या दुपारी फाईल उघडली तर कुंडी डावीकडे किंचित कललेली. माझाच हात हलला असेल म्हणून सरळ करून ठेवली. सकाळी पाहिलं तर उजवीकडे कललेली. उघडायलाही भलताच वेळ लागत होता. आत हार्डडिस्क करकर करत होती. फाईल मोठी झाली की आम्ही डीटीपीवाले 'फाईल जड झाली' म्हणतो. आधी फ्लॉपीत आरामात मावलेली ही फाईल आता फ्लॉपीत मावेना. मी तिच्यात काहीएक घातलं नव्हतं. व्हायरस तपासला, तोही नव्हता. मग मी भाऊंवर चिडले, त्यांचे फोटो अजून येत नव्हते म्हणून.

पुढे एकदा दुपारी लता स्वयंपाकघरातून उठून आली. हात न टेकता उठली.

"आज बरी दिसतेस गं."

"हाव ना, अक्का. माले हलकं हलकं वाटी ऱ्हायनं."

मला बरंच वाटलं तेव्हा. संध्याकाळी ती खाटेवर बसली. खाट वाजली नाही.

मग मी लक्ष ठेवायला लागले. सकाळी आधी फाईल बघायची, ती कालच्यापेक्षा जड असायचीच, आणि मग लताकडे बघायचं. पोट तेवढंच होतं. पण तिच्या पावलांचा आवाज येईनासा झाला होता. ती कधी मागे येऊन उभी राहिली ते कळायचं नाही. डॉक्टरीणबाईंनी तिला वजनाच्या काट्यावर उभं केलं, काट्याला चापट मारली, दुसरा काटा मागवला.

"जेवत नाही का ही?"

जेवत होती, चांगलं दोघांचं जेवत होती. वजन असं कुठे नाहीसं होत नाही, हे मला कॉलेजात शिकवलं होतं. इथून गेलं तर ते दुसरीकडे कुठेतरी असतंच.

आखाजीच्या दिवशी फळी निंबाला टांगली. मागच्या अंगणात गल्लीतल्या पोरींची गाणी चालली होती. त्याच वेळी लीलाधरभाऊंचा माणूस फुलांचे फोटो देऊन गेला. मी घाईघाईने झेंडू स्कॅन केला. एकदा कुंडी भरली की झालं, असं मला वाटत होतं.

झेंडू कुंडीत बसेना. पडद्यावर पाटी आली, जागा शिल्लक नाही.

मी त्या काळ्या पोकळीकडे बघत राहिले. आत काहीच नव्हतं.

अंगणात पोरी ओरडल्या, "आता लताताई! लताताई बसेल!"

मी कान दिला. फांदी करकरली नाही.

माझ्या टेबलाखाली हार्डडिस्क करकरली. थांबली. परत करकरली. झोक्याच्या लयीत.

पुसून टाकायची ही फाईल, आत्ताच्या आत्ता! मी कळ दाबली. चौकट आली, खरंच पुसायची का?

"अक्का!" अंगणातून लताची किंकाळी आली. "पोटमा हालत नही व! काहीच हालत नही!"

बोट 'हो'वर होतं.

मी 'नाही' दाबलं.

अंगणात सगळं शांत. मग लता रडत रडत हसली. "हाललं! हाललं व माय!"

मी कॉम्प्युटर बंद केला आणि भिंतीतून वायर काढली. लीलाधरभाऊंना मातीच्या कुंडीचा फोटो छापून दिला. नाराज झाले. होऊ देत. मी दुसरा कॉम्प्युटर घेतला. जुन्यावर चादर टाकलीय, आणि तो भंगारात द्यायचं कोणी नाव काढलं की मी अंगावर धावून जाते.

पावसाळ्यात लताला मुलगी झाली, धडधाकट. नाव इंदू. कडेवर घेणारा प्रत्येक जण म्हणतो, किती हलकी, अगदी फूल!

यंदा इंदू तीन वर्षांची होईल. आखाजीला आली तेव्हा हट्टाने एकटीच झोक्यावर बसली. मी पुढच्या खोलीत पत्रिका जुळवत होते. अंगणात ती खिदळत होती, झोका वर-खाली होत होता, आणि निंबाची फांदी मुकी होती.

चादरीखाली करकर चालू होती.