मिठाची शिळा

हे खरं घडलंय. खोटं वाटत असेल त्यांनी इथंच थांबावं, माझी हरकत नाही.

मागच्या चैत्रातली अमावस्या. जतच्या पूर्वेचा माळ. माझे मामा दादासो तिथंच मेंढरं राखतात.

त्यांची लेक स्वप्नाली बाळंतपणाला माहेरी आली होती. आधी दोन खेपा वाया गेलेल्या. सगळ्या घराचा जीव त्या पोटातल्या बाळावर टांगलेला.

माळावर शिळांचं जुनं देऊळ आहे. उभ्या शिळा, वर एक आडवी. आत देव नाही. पुरातत्त्ववाले बजावून गेले होते, हे हजारो वर्षांपूर्वीचं, खाली माणसं पुरलीत, हात लावू नका.

पण मेंढरांना मीठ घालायला सपाट दगड लागतो. मामांनी एक पडलेली शिळा ट्रॅक्टरनं खोपटापाशी ओढून आणली. मीठ पसरलं. मेंढरं तुटून पडली.

मीठ संपलं... तरी चाटतच राहिली.

जिभा रक्ताळल्या. एक मेंढी कोकराला जवळ घेईना.

अमावस्येच्या तिन्हीसांजेला मामांनी सगळी मेंढरं हाणून कोंडली. माळ चिडीचूप. एकाही गळ्यातली घंटी वाजेना.

आणि शिळेपाशी...

चप्... चप्...

जवळ गेले. कुणीच नव्हतं. शिळेच्या खळग्यात लाळ साचलेली. दाट, कोमट. कुजक्या चरबीचा वास. बोट लावलं तर तार निघाली.

मामा तिथंच भडाभडा ओकले.

"हरणे, ह्यो दगड आत्ताच परत टाकतो," ते मामीला ओरडून म्हणाले.

खोपटाच्या दारात स्वप्नाली उभी होती. ओठ चिकट.

"नका नेऊ, आबा. माती खाऊ वाटती म्हून मी बी रोज दुपारी चाटती की. लय ग्वाड लागतंय."

मामा ट्रॅक्टरकडं धावले.

शिळा त्याच वेळी जागेवर गेली. मेंढरं सुधारली. ज्येष्ठात नात झाली. गुटगुटीत, एकदम निरोगी.

पण पाजायला घेतलं की ती दूध ओढत नाही...

चाटते.

स्वप्नालीचा गळा, दंड सोलून निघालेत. डॉक्टर म्हणतात, सवय आहे, जाईल. मामीही तेच म्हणते आणि दुसरीकडं बघते.

परवा मी गेलो तेव्हा मामांनी लाडानं नातीपुढं बोट केलं. त्यावरून खरखरीत, कोमट जीभ फिरली. त्यांनी हात ओढून घेतला, बाहेर गेले आणि राखेनं घासत बसले.

"नात हाय रं माझी," मला म्हणाले. "देवाकडं मागून घेतल्याली. पर लय किळस येती, गड्या. जवळ घ्यावं वाटत न्हाई."