अठ्ठ्यांची जोडी

त्या आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, ऊन इतकं कडक होतं, की कावळे उडायचं सोडून बैलगाडीच्या सावलीतून पायी चालले होते. खोटं वाटत असेल तर सोनगीरच्या किल्ल्याला विचारा. तोही सावली शोधत दोन हात सरकला होता.

मी निंबाच्या झोक्यावर होते. समोर रुपचंदनानांच्या ओट्यावर पुरुषमंडळी पत्ते कुटत होती. आखाजीला पत्ते खेळणाऱ्याला आमच्याकडे कोणी नावं ठेवत नाही. तेवढ्यात वावटळ उठली… आणि एक पान भिरभिरत माझ्या मांडीवर येऊन बसलं. बदामची राणी!

मागोमाग नानांचा भाचा पुना धावत आला. भुसावळला इंजिनात कोळसा टाकायची नोकरी. भुवया अर्ध्या होरपळलेल्या, हसू मात्र शाबूत.

"माझी राणी… तुमच्याकडे आलीय."

"आपणहून आली. परत यायचं का, तिलाच विचारा."

"विचारलं. लाजते."

"मग राहू द्या इथंच."

"अहो, एक्कावन्न पानांत खेळ कसा मांडू?"

"आधी खेळ शिकवा. मग बघू."

बोलत होते थट्टेत, पण आत काळजी होती. संध्याकाळी शिरपूरकडचा माणूस होकाराचे नारळ न्यायला येणार होता. तिकडे दोघे सख्खे भाऊ, इकडे आम्ही दोघी सख्ख्या बहिणी. थोरला सुकदेव कुंदाताईच्या मनात भरला होता. धाकट्या वनानं मात्र मला बघताना चक्क जांभई दिली होती! आणि आबांचा, आमच्या वडिलांचा, हट्ट असा, की दोघींना एकाच घरात द्यायचं, नाहीतर एकीलाही नाही. मी नाही म्हटलं, की ताईचंही मोडणार.

पुनानं झोक्याच्या पाटावर पानं मांडली. "गोऱ्या गार्डानं शिकवलेला खेळ, पानंही त्याचीच. वाटणाऱ्यापेक्षा एकवीसच्या जवळ जायचं, वर गेलात की जळलात. चित्राची पानं दहाची. सारखी दोन पानं आली, तर जोडी फोडता येते. दोन वेगळे डाव करायचे, दुसऱ्यावरही तेवढेच चिंचोके लावायचे."

"कुठलीही जोडी फोडायची?"

"छे! पंज्या फोडू नयेत. मिळून दहा होतात, त्यावर पुढचं पान छान बसतं. एक्के फोडावेत. आणि अठ्ठ्या… मिळून सोळा. थांबावं तर हरायची भीती, पान घ्यावं तर जळायची. एकेकटी अठ्ठी वाईट नसते हो. एकत्र बसल्या, की दोघींचं वाटोळं."

माझ्या पायांनी झोका आपोआप थांबवला. "पुन्हा म्हणा…"

"अठ्ठ्यांची जोडी फोडलीच पाहिजे!"

शेवटचे तीन शब्द नेमके ताईबाई आत्यानं ऐकले. हातातलं सांजोऱ्यांचं ताट तिथंच टाकून ती आबांना नावानं हाक मारत ओरडली, "अभिमन! हाऊ पोऱ्या आपल्या पोरीस्नी जोडी फोडाले उना शे!"

आबा आले. आबांची मिशी थरथरली, की गल्लीतली दारं आपोआप लागायची. "हाई काय शे रे?"

"पत्त्यांची जोडी हो, आबा! बसा, दाखवतो."

आखाजीला पत्त्याच्या डावाला नाही म्हणणं आबांच्या रक्तातच नव्हतं. बसले. आबांनी अर्धे चिंचोके लावले, पुनानं पानं वाटली. स्वतःपुढे एक उघडी छक्की, एक पालथं पान. आबांपुढे… दोन अठ्ठ्या!

"सोळा," आबा पुटपुटले. "थांबलो तरी मेलो, घेतलं तरी मेलो."

"आबा, फोडा," मी मागून म्हणाले.

"आणि दोन्ही गेल्या तर?"

"एकत्र तर जातातच आहेत."

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मग उरलेले चिंचोके सरकवून अठ्ठ्या वेगळ्या केल्या. पहिलीवर तिर्री आली, मग गुलाम… एकवीस! दुसरीवर दश्शी. अठरा. आबा थांबले. पुनानं पालथं पान उलटलं, तीही दश्शी. सोळावर वाटणाऱ्याला पान घ्यावंच लागतं. नश्शी आली. पुना जळाला!

ओट्यावर एवढी आरोळी उठली, की सोनगीरचा किल्ला परत जागेवर गेला.

मी त्या दोन अठ्ठ्या उचलून आबांपुढे धरल्या. "आबा, ही कुंदाताई… ही मी. ताईला तिच्या डावात जाऊ द्या. माझं पान अजून यायचंय."

दारात कुंदाताई पदर तोंडात धरून उभी. आबांनी दोन्ही पानं घेतली आणि पाटावर दूर दूर ठेवली.

"तिकडे काय सांगू?"

"थोरली दिली म्हणा. धाकट्याला झोप पुरी करू द्या."

मिशी थरथरली… पण या खेपेला हसण्यानं. दोन नारळ न्यायला आलेला माणूस संध्याकाळी एकच नारळ घेऊन परतला.

उन्हं कलल्यावर पुना झोक्यापाशी आला.

"अठ्ठ्या तुम्ही मुद्दाम दिल्यात ना?"

"अठ्ठ्या दिल्या, आणि माझी छक्की. पुढची पानं मात्र… देवाशपथ, नशिबाची. माझेच हात गार पडले होते."

"तुमचे का?"

त्यानं खिशातून बदामचा राजा काढून पाटावर ठेवला. "हा एकटा… दहाचाच."

मी ओच्यातली राणी काढून शेजारी ठेवली. "आता वीस. ही जोडी फोडायची?"

"कधीच नाही."

"मग काय करायचं?"

"थांबायचं," तो हळूच म्हणाला. "दुसरं पान मागायचं नाही."

पुढच्या आखाजीला आमचं लग्न झालं. गोऱ्या गार्डानं अहेरात पत्त्यांचा नवा कॅट पाठवला. जुना द्यायला त्याची ना नव्हती म्हणे, पण त्यात पन्नासच पानं उरली होती.