जॅकवेलचा दोर

गेवराईच्या उत्तरेला गोदावरीच्या पात्रात एक जॅकवेल, म्हणजे नदीचं पाणी उपसायची विहीर, उभी आहे. उपसा सिंचन सोसायटीने ती बांधली तेव्हा उद्घाटनाला पंगतींवर पंगती उठल्या होत्या. आता भिंतीवर निळ्या रंगातला ‘सहकारी’ एवढाच शब्द वाचता येतो. दोन वर्षं पाणी शेतात गेलं, मग वीज तुटली, संचालक एकमेकांकडे बोटं दाखवत पांगले आणि मागे राहिलेलं चोरांनी नेलं. त्या चोरांपैकी एक बिभीषण. ही गोष्ट तो लपवत नसे. आता तर तिच्यावर सिनेमा निघत होता.

सिनेमा बिनगाण्यांचा, चौदा माणसांचा. दिग्दर्शिका मॅडम त्याला बीडच्या व्यसनमुक्ती केंद्रात भेटल्या होत्या. नऊ संध्याकाळी बसून त्यांनी त्याच्याकडून सगळं काढून घेतलं. गोळ्या कुठून मिळायच्या, खोकल्याच्या औषधाबरोबर घेतल्या की जीभ कशी जड व्हायची, मोटारीतल्या वायरी जाळून तांबं कसं मोकळं करायचं. गोळ्या सोडून त्याला तीन वर्षं झाली होती. मांजरसुंब्याच्या ढाब्यावर तो भट्टी सांभाळायचा. शूटिंगला मॅडमनी त्याला बोलावलं आणि बसायला खुर्ची दिली. चोराला खुर्ची मिळाल्याचं गावाला नवल वाटलं नाही. सोसायटीत ते पाहून झालं होतं.

त्या रात्रीची हकिकत त्याने मॅडमना अशी सांगितली होती: दुष्काळाचं साल, पात्र कोरडं. तो आणि त्याचा जोडीदार सटवा जॅकवेलवर गेले. बिभीषण दोराने खाली उतरला, सटवा वर दोर धरून बसला. एवढ्यात मोटारसायकलचा उजेड दिसला आणि सटवा दोर टाकून पळाला. बिभीषण पाइपाला धरून कसाबसा वर आला. सटवा तेव्हापासून परागंदा, सुरतेला असेल नाहीतर मुंबईला.

यातलं बरंचसं खरं होतं. फक्त माणसांच्या जागा बदललेल्या होत्या. खाली होता सटवा आणि दोर टाकला होता बिभीषणने. खाली जायच्या लोखंडी पायऱ्या तर दोघांनीच आठवडाभर आधी कापून भंगारात घातल्या होत्या. सकाळी येऊन काढू त्याला, असं बिभीषणने पळता पळता ठरवलं होतं; पण मुठीने गोळ्या खाल्ल्यावर सकाळ कुठली? पहाटे धरणातून पिण्यासाठी पाणी सुटलं आणि जॅकवेलमध्ये शिरलं. नदी आली म्हणून गावाने गुलाल उधळला, बायांनी तिची ओटी भरली. सटवाची आई केसरबाई त्याच पाण्याची घागर डोक्यावर घेऊन त्याच्यासमोरून गेली होती. त्याला आता सहा वर्षं झाली होती.

झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून तो गप्प राहिला. पण मूठ झाकायची तर केसरबाईच्या लेकाला दगाबाज ठरवावं लागत होतं. गावाने ते ठरवलंही. ऐकली नाही ती एकटी केसरबाई. “माजा सटवा गोळ्या खायचा, चोऱ्या करायचा, समदं खरं,” ती म्हणायची. “पर हातातला दोर सोडायचा न्हाई.” आणि हे ती बिभीषणला भाकरी वाढता वाढता म्हणायची, कारण लेकाचा म्हणून तेवढा एकच दोस्त तिच्याकडे उरला होता.

जॅकवेलमधलं शूटिंग भर उन्हात ठेवलं होतं. आत दिवसाही रात्रच असते. वर मोटारी बसवायची गोल खोली, तिच्या जमिनीत बैलगाडीच्या चाकाएवढं भोक आणि भोकाखाली पन्नास फूट विहीर. सोसायटीचा राखणदार आप्पाराव किल्ली घेऊन आला. पगार बंद होऊन अकरा वर्षं झाली तरी किल्ली त्याने कुणाला दिली नव्हती. आत एक गंजक्या रंगाचा प्लास्टिकचा पाइप उभा केला होता, तो त्याने नखाने खरवडून पाहिला.

“ह्यो पाइप कुठला?”

“सिनेमातला,” बिभीषण म्हणाला.

“तवा पाइप न्हवता बे हितं. त्याच्या आदल्या सालीच गेलता.”

बिभीषण खिशात काडीपेटी शोधत राहिला. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. म्हातारा एवढंच बोलून बाहेर गेला तरी हा त्याच्या पाठीकडे बघत राहिला.

शॉट सोपा होता. बिभीषणचं काम करणारा पुण्याचा नट कमरेला दोर बांधून भोकातून उतरणार. सटवाचं काम करणारा दुसरा नट वर दोर धरल्याचं दाखवणार. पण त्याचे तळहात मऊ, म्हणून खरा भार कॅमेऱ्याच्या मागे बिभीषणने पेलायचा. शॉट दुसऱ्या खेपेला जमला. नटाने खाली दोर सोडून टाकला, सिनेमावाल्यांनी सोडलेल्या दोरीच्या शिडीने तो वर आला, शिडी वर ओढली आणि डोक्यावर पाण्याची बाटली ओतून घेतली. सगळे बाभळीखाली जेवायला गेले. बिभीषण दोर गुंडाळायला मागे थांबला.

दोर येईना.

त्याने भोकातून बॅटरी मारली. तळाला वाळलेला, भेगाळलेला गाळ. त्यावर नटाच्या बुटांचे ठसे. नदीचं पाणी आत यायला भिंतीत पुरुषभर उंचीचं तोंड ठेवलेलं, आणि दोर त्या तोंडात गेलेला, ताठ. नटाने तर तो मधोमध टाकला होता. कशात तरी अडकला असेल, असं बिभीषणने स्वतःला सांगितलं आणि जोराने ओढला. हातभर दोर वर आला. मग जेवढा आला होता तेवढाच, सावकाश, परत खाली गेला.

मग खालून एक हिसका आला.

थोड्या वेळाने दोन, लागोपाठ.

एक हिसका म्हणजे ढील दे, दोन म्हणजे ओढ. हे त्याचं आणि सटवाचं ठरलेलं होतं. नऊ संध्याकाळींत त्याने मॅडमना जगातलं सगळं सांगितलं होतं, हे मात्र सांगितलं नव्हतं. ओढायला हात धजेनात आणि सोडायलाही धजेनात. त्याने आप्पारावला हाक मारली.

आप्पारावने दोर हातात घेतला आणि त्याचा चेहरा उतरला.

“कोन हाय खाली?”

“कुनी न्हाई. नट भाईर जेवतोय.”

“मग ह्ये कोन?”

“आप्पा, दोर सोडू नगा. मी केसरमावशीला घेऊन येतो.”

म्हातारा त्याच्याकडे बघत राहिला. बघता बघता त्याला सगळं उमगलं असावं. दोराचा वेढा कमरेला घेतला आणि तो भोकाच्या काठाशी बसला. “जा,” तो म्हणाला. “बिगी बिगी जा.”

केसरबाई टँकरच्या रांगेत होती. पुढे चारच घागरी उरल्या होत्या. बिभीषणने मोटारसायकल आडवी टाकली आणि सगळ्या बायांच्या देखत बोलला.

“मावशी, वर मी व्हतो. सटवा खाली व्हता. दोर मी सोडला.”

केसरबाईने कडेची घागर खाली ठेवली.

“कावून?”

“भ्यालो.”

ती रडली नाही, त्याच्या अंगावर धावली नाही. सहा वर्षं ज्याला जेवू घातलं त्याच्या तोंडाकडे ती नुसती पाहत होती. ते पाहणं सोसवेना म्हणून त्याने मान खाली घातली.

“आज कावून सांगतूस?”

“खालून दोर ओढतंय, मावशी. दोन डाव.”

मे महिन्यात टँकरच्या रांगेतली जागा कुणी सोडत नाही. केसरबाईने ती सोडली, घागर तिथेच टाकून, आणि मोटारसायकलवर बसली.

जॅकवेलच्या दारात मॅडम उभ्या होत्या. त्यांच्यामागे नट होता, हातात अर्धी पोळी घेऊन. काय चाललंय असं त्याने विचारलं. केसरबाई त्याला बाजूला सारून आत गेली. आत आप्पाराव होता तसाच बसलेला. घामाने त्याचा सदरा अंगाला चिकटला होता.

केसरबाईने पदर खोचला. भोकाच्या काठाला पाय रोवून तिने दोर हातात घेतला.

सटवा सहा वर्षांचा असताना बाप गेला. पोहायलाही तिनेच त्याला शिकवलं होतं, कमरेला दोर बांधून, वर स्वतः उभी राहून. गावाने त्या वेळी तिला नावं ठेवली होती. आता ती डोळे मिटून, दोराकडे कान लावल्यासारखी उभी राहिली.



“ह्यो सटवा न्हाई,” ती म्हणाली.

“मावशी, त्यो बारका व्हता तवा. आता वजन...”

“वजनाचं न्हाई रं. सटवा दोराला कदी गप ऱ्हायचा न्हाई. लाथा झाडायचा.” तिने हात थोडा सैल करून पुन्हा आवळला. “ह्यो लई शांत हाय.”

आप्पाराव मागे सरकला. “मग सोड, बाई. सोडून दे.”

खालून पुन्हा दोन हिसके आले. अगदी हलके, अजीजीने मागितल्यासारखे.

बिभीषणला वाटलं, ती सोडणार. सोडला असता तरी जगात कुणी तिला बोल लावला नसता.

“सोडू कसा?” केसरबाई म्हणाली. “कुनाचा तरी आसंलच की.”

आणि ती ओढू लागली. बिभीषण तिच्या मागे उभा राहिला आणि त्याने दोराला हात घातला. हातांत आलेला दोर ओला होता.

खाली भिंतीला पाऊल टेकल्याचा आवाज आला. मग दुसरं टेकलं. आणि त्या पावलांच्या बरंच खाली, अंधारात, दुसऱ्या कुणाची तरी आणखी दोन.