स्विचचा शेवटचा नियम

ती पहिल्यांदा आली तेव्हा तो शिडीवर होता, आणि तिला शिडी हवी होती. ओळख झाली ती एवढ्यावरच.

छापखान्यातल्या कागदाच्या खोलीत, पार छताशी, सगळी यंत्रं एकमेकांना जोडणारा नेटवर्कचा डबा, म्हणजे स्विच, बसवलेला. तो रुसला की सगळी यंत्रं गप्प. मग दुरुस्तीला ती यायची. शिडीवाला तो तिथे पुस्तकं बांधायचा. हाताची खळ पुसून शिडी धरायचा.

"आज वेळ लागेल?"

"घाई आहे तुम्हाला?"

"छे... सावकाश होऊ द्या."

आजचं काम मात्र निराळं होतं. छापखाना त्याच्या आत्याचा, आणि आत्याला पोरीची दया आलेली. "किती खेटे घालशील? तुझ्या ऑफिसात बसून दुरुस्त होईल असं काहीतरी कर बाई." म्हणजे स्विचमध्ये दुरून लॉगिन. ते जमलं की खेपा सरतील, शिडी भिंतीला टेकेल, आणि हा... हा मग कुठे दिसेल?

हात तरी सरावाचे होते. वर चढून तिने केबल जोडली, स्विचला नेटवर्कवरचा पत्ता दिला, पासवर्ड दिला, सेव्ह केलं. मग खाली त्याच्या टेबलाशी बसून लॅपटॉपवरून थेट आत शिरली. राहिला शेवटचा नियम – ठरावीक कॉम्प्युटरनाच आत घ्यायचं, बाकीच्यांना मज्जाव.

समोर तो पुस्तकाला टाके घालत होता. दोरा दातांनी तोडताना त्याने वर पाहिलं...

तिने नियम लागू केला. स्क्रीन गोठली.

"काय झालं?"

"ऑफिसला आत घेतलं, या लॅपटॉपला विसरले. स्वतःलाच बाहेर काढलं मी."

"तुम्ही? तुम्ही तर चुकत नाही."

"समोर बसून कुणी असा दोरा तोडला तर चुकते."

त्याच्या कानाच्या पाळ्या तांबडल्या. "मग... आता?"

"हा नियम सेव्ह केलेला नाही. स्विच बंद करून चालू केला की विसरेल. चढा तुम्ही, शिडी मी धरते."

वर चढून त्याने स्विचची वायर काढली. बाहेरून आत्या ओरडली, "अरे, माझं काम अर्ध्यात थांबलं! पोरीला काम करू दे, मध्ये लुडबुडू नकोस."

वायर परत बसली, दिवे एकेक करून उजळले. या खेपेला तिने आधी लॅपटॉपला आत घेतलं, मग नियम लावला. सगळं सुरळीत. सेव्ह.

"झालं?" त्याने वरूनच विचारलं. उतरायचं मनात दिसत नव्हतं.

"झालं. आता मला इथे यायची गरज नाही."

"हं... आत्याचं हे असंच. न विचारता भलं करते."

ती हसली. "गरज नाही म्हटलं. येणार नाही, असं म्हटलं का? उद्या संध्याकाळी येते. केबल नाही, लॅपटॉप नाही... तुम्हाला भेटायला. चालेल?"

तो उतरला, तिच्यासमोर उभा राहिला. मग दाराकडे तोंड करून म्हणाला, "आत्या, ही उद्या येणार आहे."

"आता काय बिघडलं?"

"काही नाही. माझ्याकडे येणार आहे."

बाहेरून आत्याचा आवाज आला – "मग लवकर ये म्हणावं."