ड्वाइटच्या खात्यातला मेसेज
खोटं वाटेल, पण हे घडलंय. अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात, फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी, भर दुपारी अडीच वाजता.

शिड्या बनवणारी कंपनी. तिची शिडी मोडून एक रंगारी पडला आणि कमरेखाली लुळा झाला. त्याच्या वकिलाची नोटीस आली. एकही ईमेल, एकही मेसेज पुसायचा नाही, सगळं गोळा करून द्यायचं.

काम आलं रेकॉर्ड सांभाळणाऱ्या मार्लीन ह्रुस्काकडे.

कंपनीत शिड्या तपासणारा ड्वाइट केसलर नोव्हेंबरमध्येच वारला होता. शिडीच्या पायऱ्या जोडणारे रिव्हेट कच्चे आहेत, असं त्याने वर सतरा वेळा लिहून कळवलं होतं.

सोमवारी मॅनेजर ग्रेग तिला ड्वाइटच्या रिकाम्या टेबलापाशी घेऊन गेला.

"ड्वाइटचं खातं अजून आहे का गं?"

"आहे."

"मेलेल्या माणसाचं खातं कशाला? पुसून टाक. आधीच पुसलं होतं म्हणू."

"अरे, सगळ्यांचं ठेवायला सांगितलंय."

"तुझ्या पेन्शनला दोनच वर्षं राहिलीत ना?"

मार्लीनने तिथल्याच कॉम्प्युटरवर बटण दाबलं.

"झालं," ती म्हणाली.

तिला काहीच वाटलं नाही.

मंगळवारी तिने सगळी खाती एकत्र केली. एकेचाळीस नावं यायला हवी होती.

बेचाळीस आली...

शेवटचं नाव ड्वाइट केसलर. ईमेल शून्य. आवाजी मेसेज एक. तारीख कालची.

त्याच्या टेबलावरचा फोन डिसेंबरमध्येच काढून नेला होता.

तिने हेडफोन लावले.

आधी नुसती शांतता...

मग धातूवर बोटाने टकटक... एकेक रिव्हेट तपासावा तशी.

मग ग्रेग. "मेलेल्या माणसाचं खातं कशाला?"

मग तिचाच आवाज. "झालं."

पुढे काही नाही.

हा मेसेज तिने पुसला नाही. कंपनीच्या वकील टेरेसाबाईंकडे नेऊन दिला आणि स्वतः काय केलं तेही सांगितलं. कॉम्प्युटरच्या जुन्या बॅकअपमधून ड्वाइटची सतराही पत्रं निघाली. रंगाऱ्याला भरपाई मिळाली. ग्रेगची नोकरी गेली, मार्लीनचीही.

पण त्या दिवशी टेरेसाबाईंनी मेसेज ऐकून विचारलं होतं, "खोलीत तिसरं कोण होतं?"

"कोणी नाही."

"मग तू 'झालं' म्हटल्यावर तुला नावाने हाक कोण मारतंय?"

मार्लीनने पुन्हा ऐकलं. आवाज वाढवून ऐकलं.

"मारतंय बघ, सारखं मारतंय," टेरेसाबाई म्हणाल्या.

नंतर कोर्टात इतरांनीही ऐकलं. सगळ्यांना ती हाक ऐकू येते.

मार्लीनला मात्र आजतागायत आलेली नाही...