शाल्मलीच्या कानातला रातकिडा

"टिप्या, आधी तो रातकिडा शोध!" शाल्मली वैतागून म्हणाली.

टिप्या हा घरातला यंत्रमानव. त्याने कपाटामागे, पलंगाखाली ध्वनिमापक (आवाज मोजणारे यंत्र) फिरवला. "खोलीत किडा नाही, शाल्मली. आवाज फक्त तुलाच येतोय."

शाल्मलीने दोन्ही कान घट्ट दाबले, तरी किरकिर चालूच राहिली. काल मिरवणुकीत ती ताशांना खेटून नाचली होती. मैत्रिणी हसतील म्हणून तिने टिप्याने दिलेली कानटोपणं (आवाज अडवायला कानात घालायची बुचं) खिशात कोंबली होती.

ती धावतच वृंदाआत्याच्या प्रयोगशाळेत गेली. आत्या कानांवर संशोधन करायची. तिने शाल्मलीला एकेक स्वर ऐकवला. ऐकू आला की हात वर करायचा. उंच पट्टीतल्या बारीक स्वरांना शाल्मलीचा हात वर गेलाच नाही. आत्याचा चेहरा उतरला.

"कानात शंखासारखी नळी असते," ती म्हणाली. "तिच्यात केशपेशी (केसांसारखे तंतू असलेल्या पेशी) असतात. आवाज आला की तंतू डोलतात आणि मेंदूला निरोप जातो. वाऱ्यावर ज्वारी डोलते तसं. पण वादळ आलं तर?"

"आडवी होते."

"काही ताटं पुन्हा उभी राहतात, काही मोडतात. तशाच मोडलेल्या पेशींकडून निरोप येत नाही. मग मेंदू जास्तच कान टवकारतो. एरवी ऐकू न येणारी त्याची स्वतःची कुजबुज मोठी होते. हाच कर्णनाद (बाहेर आवाज नसताना कानात वाजणं)."

"जाईल ना गं?"

"थकलेल्या पेशी सावरल्या की कमी होईल. मोडलेल्या मात्र माणसात पुन्हा उगवत नाहीत."

"टोपणं खिशातच होती, आत्या," शाल्मली हुंदके देत म्हणाली. आत्या रागावली नाही. तिने तिला नुसतं जवळ घेतलं.

काही दिवसांनी किरकिर मंदावली. बारीक स्वर मात्र परतले नाहीत. शाल्मली पुन्हा तपासणीला आली, तेव्हा आत्याने तिला सूक्ष्मदर्शकाशी नेलं. "कोंबडीच्या कानात केशपेशी पुन्हा उगवतात. ही बघ."

भिंगाखाली कोवळ्या तंतूंचा झुपका दिसत होता.

"माणसात कधी उगवतील?"

"प्रयत्न चाललाय. माझ्या हातून नाही झालं, तर तुझ्यासारख्या कुणीतरी पुढं न्यायला हवं."

शाल्मलीने डोळे पुसले आणि भिंगाला पुन्हा डोळा लावला. "हे तंतू उगवायला सुरुवात कुठून होते, आत्या?"